रात्री बोट दिसली म्हणून फोन केला, तर मलाच चार तास बसवून ठेवलं

(पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

पत्र लिहिणारा 26 वर्षांचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरातला. वडिलांची तीन सिलिंडरची बोट, सहा खलाशी, त्यातले चार नेपाळचे. तो स्वतः गावातल्या सागर सुरक्षा दलात (पोलिसांना किनाऱ्यावर नजर ठेवायला मदत करणारे गावकरी स्वयंसेवक) आहे, ओळखपत्र आणि जॅकेट मिळालंय. सिझन सुरू झाल्यावर एका पहाटे तीनच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी दिवे बंद ठेवलेली बोट त्याला दिसली, नाव नाही नंबर नाही. त्याने फोन केला. एका ऑफिसने दुसरीकडे करायला सांगितलं, दुसऱ्याने तिसरीकडे, आणि उजाडेपर्यंत बोट गेली. दुसऱ्या दिवशी त्यालाच बोलावून घेतलं. तू तिथे काय करत होतास, तुझ्या खलाशांचे कागद आण, असं करत चार तास गेले, त्या दिवशीची फेरी बुडाली, भरलेला बर्फ खणात विरघळला. वडील म्हणतात दलातून नाव काढ. गावात दोघातिघांनी "खबऱ्या" म्हणून हाक मारली. तो विचारतो, "ताई, देशाची सुरक्षा हे सरकारचं काम आहे ना? मग सरकारने किनाऱ्यावर नेव्ही उभी करावी, परप्रांतीय खलाशी बंद करावेत, कडक कायदा आणावा. आम्हाला गरिबांना कशाला मधे ओढायचं? मी दल सोडू का?"

---

भावा, पहिली गोष्ट, तू फोन केलास ते बरोबरच केलंस. पुढे जे झालं त्यात तुझी काही चूक नाही. हे आधी सांगून टाकते, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की कुठेतरी तूच स्वतःला दोष देतोयस, "उगाच केला फोन" असं तू दोनदा लिहिलंयस.

मी तुला 26 नोव्हेंबर 2008 च्या संध्याकाळकडे नेते, तू तेव्हा शाळेत असशील. कुलाब्याला बधवार पार्कच्या मागे मच्छीमार नगर आहे, तिथे रबरी होडीतून दहा तरुण पोरं उतरली. पाठीवर जड सॅक. टीव्हीवर भारत-इंग्लंड मॅच चालू होती, बरेच लोक तीच बघत होते. तरी तिथल्या कोळी माणसांनी त्यांना हटकलं, कोण तुम्ही, कुठून आलात. पोरांनी तोडून उत्तर दिलं आणि रस्त्याला लागली. पुढचं सगळ्यांना माहितीय, 166 माणसं गेली. पण मला त्यातली ही गोष्ट कधी विसरता येत नाही की त्या रात्री त्या दहा जणांना पहिला प्रश्न विचारणारा माणूस पोलीस नव्हता, नेव्हीवाला नव्हता, जाळी विणणाऱ्या वस्तीतला माणूस होता. म्हणजे तुझ्यासारखाच. प्रश्न विचारला गेला होता, पण तो जिथे पोचायला हवा तिथे वेळेत पोचला नाही.

म्हणून तू जेव्हा म्हणतोस की आम्हाला मधे कशाला ओढता, तेव्हा मला सांगावंसं वाटतं की तुम्हाला कोणी ओढलेलं नाही रे, तुम्ही तिथे आहातच. पहाटे तीनला खाडीच्या तोंडावर दुसरं कोण असतं?

आता तुझ्या मागण्यांकडे येते, आणि थोडे प्रश्न विचारते, राग मानू नकोस.

नेव्ही उभी करावी असं म्हणतोस. नेव्ही आहे. 2009 मध्येच एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नेव्हीवर दिली, किनारी समुद्र कोस्टगार्डकडे, आणि अगदी काठालगतचं पाणी सागरी पोलिसांकडे. किनाऱ्याने रडार बसले, नवी सागरी पोलीस ठाणी झाली, दहशतवादाचा तपास करणारी एनआयए उभी राहिली, एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं कारण त्या रात्री हरियाणातल्या मानेसरहून कमांडो पोचायला तास न् तास गेले होते. त्यामुळे सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. पण या सगळ्याची नजर लांब आहे, खोल पाण्याकडे आहे. आणि धोका जिथे पाय टेकवतो ती जागा म्हणजे ओहोटीला गुडघाभर पाणी राहतं ती खाडी, जिथे मोठी गस्तीची बोट शिरतच नाही.

रडार लावलं म्हणजे झालं असंही नाही. जुलै 2011 च्या शेवटच्या दिवशी एमव्ही पवित नावाचं अख्खं जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतलं, ओमानजवळ सोडून दिलेलं, आत माणूस नाही, वाहत वाहत आलं आणि किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाला कळलं नाही. 26/11 होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. मग 18 ऑगस्ट 2022, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरला लेडी हान नावाची रिकामी बोट लागली आणि आत तीन एके-47. नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला निघालेली, इंजिन बंद पडल्यावर माणसांना वाचवलं आणि बोट भरकटत इकडे आली. घातपात नव्हता, देवाची कृपा. पण ती बोट बघून कळवलं कोणी, तर गावकऱ्यांनी. मग फेब्रुवारी 2024, कुवेतहून तीन तमिळ खलाशी मालकाच्या छळाला कंटाळून त्याचीच बोट घेऊन निघाले आणि थेट मुंबईपर्यंत आले. बिचारे होते ते, अतिरेकी नव्हते. पण जी वाट त्यांना मोकळी मिळाली ती दुसऱ्या कोणालाही मिळू शकते, मला झोप लागत नाही ती या विचाराने.

आता खलाशांचं. तू लिहिलंयस परप्रांतीय बंद करा, आणि तुझ्याच बोटीवर चार नेपाळी आहेत. त्यांना काढलंस तर बोट कोण चालवणार? गावातली पोरं पुण्या-मुंबईला गेलीत हे तूच पत्रात लिहिलंयस. ते राहू दे, मी दुसरी गोष्ट सांगते. ते दहा जण ज्या बोटीने आले ती कुबेर, पोरबंदरची मासेमारीची बोट, ती त्यांनी समुद्रात पकडली. त्यावर पाच जण होते. चार खलाशांना आधी मारलं, तांडेलाला मुंबई दिसेपर्यंत जिवंत ठेवलं कारण बोट हाकायला हवा होता, आणि मग त्यालाही मारलं. त्या हल्ल्यातले पहिले मेलेले मच्छीमार आहेत, गरीब खलाशी आहेत, हे आपण फार पटकन विसरलो. तेव्हा खलाशी म्हणजे धोका ही समजूत जरा बाजूला ठेव, समुद्रात सगळ्यात आधी मरण त्याचंच येतं. त्याची नोंद पाहिजे, हे मात्र शंभर टक्के. कुठला, कोणाच्या ओळखीने आला, घरचा फोन कोणता, फोटो, हे मालकाकडे आणि मच्छीमार सोसायटीत दोन्हीकडे पाहिजे. पोलिसांना दाखवायला तर पाहिजेच, पण उद्या तो वादळात गेला तर त्याच्या आईला कळवायला तरी.

आणि कडक कायदा. कायदे खूप आहेत रे. 1993 ला रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला, दिघीला आरडीएक्स उतरलं तेव्हा कायदे नव्हते का? कस्टम्स होतं, पोलीस होते, गाड्या अडवायच्या चौक्या होत्या. पैसे घेऊन माल जाऊ दिला, त्यासाठी पुढे कोर्टात कस्टम्स आणि पोलीस खात्यातल्या लोकांना शिक्षा झाल्या. त्याच आरडीएक्सच्या स्फोटांत 12 मार्चला मुंबईत 257 जीव गेले. कायदा कमी पडला म्हणून नाही गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारने आणखी करायला पाहिजे यात मी तुझ्याबरोबर आहे, पूर्ण बरोबर आहे, फक्त "आणखी" म्हणजे आणखी बंदुका असं जे आपण धरून चालतो तिथे मला थांबवावंसं वाटतं. नॅशनल सिक्युरिटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बॉर्डर आणि युनिफॉर्म येतो. तुझ्या बंदरात ती सुरक्षा चार वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेली आहे. बोटीचा परवाना आणि टोकन मत्स्यव्यवसाय विभागाकडे, जेटी मेरिटाईम बोर्डाकडे, गस्त पोलिसांकडे, जेटीवरचा दिवा ग्रामपंचायतीकडे नाहीतर कोणाकडेच नाही. गेल्या वर्षी मी रायगडातल्या एका बंदरावर गेले होते, जेटीच्या तोंडाशी सागरी सुरक्षेचा बोर्ड होता, हेल्पलाइनचा नंबर लिहिलेला, पण खाऱ्या वाऱ्याने रंग उडून 1093 मधला 9 गेलेला, दुरून बघणाऱ्याला 103 वाचता येईल. बोर्डाच्या डोक्यावरचा दिवा बंद. खाली एक म्हातारी बाई सुकट निवडत बसली होती, तिला विचारलं दिवा कधीपासून बंद, ती म्हणाली गणपतीपासून. मी गेले तेव्हा शिमगा आला होता. तो दिवा लावणं हे पण देशाच्या सुरक्षेचंच काम आहे, आणि ते कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं.

अजून एक सांगते, हे तुझ्यासारख्याला लगेच पटेल. रात्री परराज्यातले मोठे ट्रॉलर आपल्या पाण्यात घुसतात, एलईडीवाले बंदी असून मासे ओढायला लाइट मारतात, तुम्ही वर्षानुवर्षं तक्रारी करता आणि कारवाई होते ती तेवढ्यापुरती. 1981 चा मासेमारी नियमन कायदा आहे, 2021 मध्ये तो दुरुस्त करून दंडही वाढवलाय. तरी होतं काय की अनोळखी बोट दिसणं ही तुमच्या किनाऱ्यावर रोजची गोष्ट होऊन जाते. रोजची झाली की तिच्याबद्दल कोण फोन करणार? आठवड्यातून चार रात्री नंबर नसलेली बोट दिसत असेल तर पाचव्या रात्रीची वेगळी आहे हे कसं ओळखायचं? म्हणून मला वाटतं मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा बोटींवर नीट, सतत कारवाई करणं ही सागरी सुरक्षेची पहिली पायरी आहे, माशांचा प्रश्न म्हणून तिला वेगळ्या फायलीत ठेवून चालणार नाही.

ट्रान्सपॉन्डरचंही तसंच. एआयएस, म्हणजे बोट कुठे आहे ते आपोआप कळवणारं यंत्र, सक्तीचं आहे ते 20 मीटरवरच्या बोटींना, कोकणातल्या बहुतेक बोटी त्याच्या आत. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते नवी योजना सुरू झाली, देशभरातल्या 1 लाख बोटींना सॅटेलाइटवर चालणारं यंत्र फुकट बसवायची, त्यातून मेसेज दोन्ही बाजूंनी जातो, वादळाचा इशाराही येतो. चांगली गोष्ट आहे. पण तुमच्याकडे किती जण ते बंद करून ठेवतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. का करतात? कारण भीती आहे की याच्यावरून उद्या नोटीस येईल. यंत्र सुरक्षेसाठी दिलंय आणि उपयोग दंडासाठी होतोय अशी शंका असेल तर कोणी चालू ठेवणार नाही, हे सरकारने बंदरात येऊन, समोर बसून, स्पष्ट बोललं पाहिजे. नुसता जीआर काढून भरवसा येत नाही.

आता तुझे ते चार तास. पोलिसांची बाजू मला कळते. माहिती देणाऱ्याला प्रश्न विचारावेच लागतात, तू कुठे होतास, किती अंतरावरून बघितलंस, हे विचारणं त्यांचं काम आहे. पण विचारायची पण एक पद्धत असते. तुझी फेरी सुटायच्या वेळेला बोलावून, खलाशांचे कागद काढायला लावून, संशयिताला बसवतात तसं बसवून जे झालं त्याने एका रात्रीत तुझ्या आख्ख्या गावाला धडा मिळाला, की बघितलं तरी गप्प बसा. हे नुकसान कुठल्याही अहवालात येत नाही. सरकारकडे माझी सगळ्यात मोठी मागणी विचारशील तर ती ही आहे, की ज्याने फोन केला त्याला उलटा फोन गेला पाहिजे. दोन दिवसांत. "तुम्ही सांगितलेली बोट अमुक होती, काळजी नको" किंवा "अजून तपास चालू आहे, कळवल्याबद्दल आभार". एवढंच. याला नवी बोट लागत नाही, बजेट लागत नाही. आणि एवढं झालं तर तुझ्या गावात तुला खबऱ्या म्हणणाऱ्याचंच तोंड बंद होईल.

मग तू दल सोडावंस का. तीन वाटा आहेत. सोडलंस तर मी तुला भित्रा म्हणणार नाही, वडिलांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि एकदा परवान्याला त्रास झाला तर वर्ष जातं हे मला माहितीय. दुसरी वाट म्हणजे नाव ठेवायचं आणि पुढच्या वेळी डोळे मिटायचे, बरेच जण हेच करतात, आणि मला विचारशील तर ही सगळ्यात वाईट, कारण कागदावर दल आहे असं दिसत राहतं आणि प्रत्यक्षात कोणी नसतं. तिसरी, राहायचं पण एकट्याने नाही राहायचं. मी तिसरीच्या बाजूची आहे. कसं ते सांगते, आणि तुझ्यासारखे किनाऱ्यावरचे जे कोणी वाचत असतील त्यांनीही लिहून ठेवा.

अशी बोट दिसली तर जवळ जायचं नाही, हाक मारायची नाही, टॉर्च मारायचा नाही. वेळ, ठिकाण, कुठल्या दिशेला गेली, किती माणसं, इंजिनाचा आवाज कसा, रंग, जे दिसलं तेवढंच मोबाइलवर स्वतःला मेसेज करून ठेवा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते. मग 1093, तो सागरी पोलिसांचा, नाही लागला तर कोस्टगार्डचा 1554, नाहीतर सरळ 112. समुद्रात असाल आणि बोटीवर व्हीएचएफ वायरलेस असेल तर चॅनल 16. फोन उचलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा विचारा, नम्रपणे, आणि "साहेब, नोंद झाली ना" हे विचारून घ्या. तो दुसरा नंबर देत असेल तर म्हणा, तुम्हीच पुढे कळवा, मी इथे नजर ठेवून आहे. लगेच दलातल्या अजून एकाला आणि सोसायटीच्या चेअरमनला कळवा, म्हणजे उद्या बोलावणं आलं तर दोघं-तिघं सोबत जाल. फोटो, व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कळकळीने सांगते, त्याने अफवा उठते आणि खरंच कोणी असेल तर तो सावध होतो.

तुझ्या बाबतीत जे झालं त्याबद्दल तू एकटा भांडू नकोस. सोसायटीच्या लेटरहेडवर पोलीस अधीक्षकांना अर्ज जाऊ दे, प्रत सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांना. कोणावर आरोप नको, काय झालं ते तारीख-वेळेसकट, आणि मागण्या मोजक्या ठेवा, म्हणजे दलाच्या सदस्याचा जबाब बंदरातच, त्याची फेरी सांभाळून घ्यावा, दलाचा आणि पोलीस ठाण्याचा एक ठरलेला संपर्क अधिकारी असावा, आणि कळवलेल्या माहितीचं पुढे काय झालं ते कळवावं. ग्रामसभेत ठरावही करून घ्या, जेटीचा दिवा आणि बोर्ड त्यातच घाला.

माहिती अधिकारही आहे, 10 रुपयांचा अर्ज, 30 दिवसांत उत्तर. गस्तीचे मार्ग, वेळा विचारू नका, ते मिळणार नाही आणि मिळूही नये. विचारायचं असं, की आपल्या ठाण्याच्या बोटींपैकी चालू किती, दुरुस्तीला किती महिने झाले, डिझेलवर वर्षाला खर्च किती, तांडेल-इंजिन ड्रायव्हरची मंजूर पदं किती आणि भरलेली किती. पोलिसांच्या बोटी नुसत्या बांधून पडल्याबद्दल सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनेही ताशेरे ओढलेत, त्यामुळे हे विचारणं म्हणजे देशविरोधी वगैरे काही नाही, कोणी तसं म्हणालं तर घाबरू नकोस. आणि जाता जाता, ही पदं भरायला गावातल्या अनुभवी तांडेलांना का घेत नाहीत, खाडीतला प्रत्येक खडक ज्याला अंधारात कळतो असा माणूस पोलिसांच्या बोटीवर असेल तर केवढा फरक पडेल, हे आमदारांना विचारा, तुमच्या मतांवर निवडून येतात ते.

सागर कवच हा किनारी सुरक्षेचा सराव असतो तेव्हा लांबून बघू नका, भाग घ्या, आणि सराव संपल्यावर साहेबांना सांगा की आमच्या खाडीत तुमची बोट ओहोटीला कुठे अडकली. ते ऐकून घेतात, निदान काही जण तरी नक्की घेतात, मी बघितलंय.

वडिलांशी बोलताना मात्र देशभक्तीचं भाषण देऊ नकोस. त्यांना बर्फाचे आणि डिझेलचे पैसे दिसतात, त्यात चूक काय आहे? त्यांना एवढंच सांग की पुढच्या वेळी मी एकटा जाणार नाही आणि बोट थांबणार नाही. आणि तुझ्या चार नेपाळी पोरांनाही बसवून समजाव की त्यांचे कागद का मागितले. त्या दिवशी तेही घाबरले असतील, त्या भीतीबद्दल तू पत्रात एक ओळ लिहिली नाहीस.

सोसायटीची मीटिंग कधी आहे ते कळव. अर्जाचा कच्चा मसुदा मी करून पाठवते, तुम्ही तुमच्या शब्दांत बदलून घ्या.